तीन धोंड्यांवरचे घर

उसाच्या फडावर, जत्रेत किंवा शेताच्या बांधावर चूल मांडायची झाली तर माणूस तीन धोंडे शोधतो, चार नाही. जमीन कितीही उंचसखल असली तरी तीन धोंड्यांवरचे पातेले डुगडुगत नाही. चौथा धोंडा लावला की त्यांतला एक हमखास उपरा ठरतो आणि त्याच्यावर खापरीचा तुकडा सरकवत बसावे लागते. यामागची भूमिती शाळेतली आहे. कोणत्याही तीन बिंदूंमधून एक प्रतल जातेच. चौथा बिंदू त्याच प्रतलावर येईल याची हमी नसते. मालवाहू ट्रकच्या किंवा पिकअपच्या पाठीवर राहते घर बसवून देशच्या देश ओलांडणाऱ्यांची एक जुनी परंपरा युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आहे. त्या घरांची बांधणी समजून घेऊ लागले की पुन्हा पुन्हा या चुलीपाशीच यावे लागते. असे घर बांधायचे म्हटले की पहिल्यांदा डोक्यात येते ती मजबुती: जाड पत्रा, लोखंडी सांगाडा, करकचून आवळलेले नटबोल्ट. पण अशी बहुतेक घरे मोडतात ती मजबुतीच्या या कल्पनेपायीच. ट्रकवरचे घर टिकते ते खालच्या गाडीला हलायला दिलेल्या मोकळिकीवर आणि वर चढवलेल्या प्रत्येक किलोच्या हिशेबावर. बांधताना शिकलेला हा हिशेब पुढे त्या घरात राहतानाही रोज मांडावा लागतो.

ट्रकच्या चासीला शिडी म्हणतात ते नुसत्या दिसण्यावरून नाही. पन्हळासारख्या आकाराचे दोन लांब पोलादी बार आणि त्यांना जोडणारे आडवे बार, एवढीच तिची रचना. वरून भार आला तर ही शिडी सहजी वाकत नाही, पण पिळायला गेले तर पिळली जाते. पुढचे डावे चाक दगडावर चढले आणि त्याच बाजूचे मागचे चाक खड्ड्यात उतरले की चासीचे पुढचे टोक एका बाजूला कलते, मागचे दुसऱ्या बाजूला. ओला पंचा पिळावा तशीच ही हालचाल, फक्त काही अंशांची. हा दोष नाही. चासी पिळली जाते म्हणून तर चारही चाके जमिनीला धरून राहतात. ती पूर्ण ताठ असती तर एखादे चाक हवेत लटकले असते. आता तिच्यावर ठेवायच्या घराचा स्वभाव पाहा. बुटांच्या खोक्याचे झाकण काढून ते पिळून पाहिले तर सहज पिळले जाते. झाकण लावून चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली की तेच खोके हट्टाला पेटते. सहाही बाजूंनी बंद असलेली पेटी पिळायला तयारच नसते, आणि घर म्हणजे अशीच बंद पेटी. पिळणाऱ्या शिडीवर न पिळणारी पेटी सहा-आठ बोल्टांनी जखडली तर प्रत्येक खड्ड्यात दोघांची झटापट होते. या झटापटीत जे सर्वांत नाजूक असेल ते आधी हरते. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात तडा जातो, खिडकीचे सील सुटते, छताच्या सांध्यातून पाणी झिरपू लागते. घर फारच दणकट असेल तर चासीलाच बोल्टाच्या भोकापासून चीर पडते. पहिल्या हजार किलोमीटरांत काही दिसत नाही. धातू आणि गोंद दोन्ही थकून मोडतात, एका धक्क्याने नाही.

यावरचा उपाय म्हणजे चुलीची भूमिती. घराच्या खाली स्वतःची एक ताठ चौकट करायची आणि ती चासीवर तीनच ठिकाणी टेकवायची: एका टोकाला दोन्ही बाजूंना दोन आधार आणि दुसऱ्या टोकाला मधोमध एक फिरता सांधा. चासी कशीही पिळली तरी तीन बिंदू एका प्रतलातच राहतात, त्यामुळे वरच्या चौकटीपर्यंत पीळ पोचत नाही. याच कल्पनेचा दुसरा अवतार पतंगाच्या आकाराचा आहे. चासीच्या मध्याजवळ दोन बाजूंना दोन आधार, आणि पुढे व मागे मधोमध एकेक फिरता सांधा. मर्सिडीज-बेंझचा युनिमॉग पाहिला तर ही गरज कुठून आली ते कळते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत शेतीसाठी घडवलेल्या या वाहनाचा पहिला नमुना १९४६ मध्ये धावला. त्याच्या चाकांतले अंतर १,२७० मिलिमीटर ठेवले होते, म्हणजे बटाट्याच्या दोन सरींएवढे. ढेकळांतून चालताना चाके जमीन सोडू नयेत म्हणून त्याची चासी मुद्दामच पिळणारी केली गेली. पुढे त्याच गाड्यांवर घरे बसवू पाहणाऱ्यांना तो पीळ वारशाने मिळाला आणि तीन किंवा चार बिंदूंच्या बैठकीशिवाय पर्याय उरला नाही. तिसरी पद्धत साधी आहे. घराची चौकट चासीवर पूर्ण लांबीने टेकवायची, मागच्या बाजूला पक्की बांधायची आणि पुढच्या बाजूला बोल्टांवर जाड स्प्रिंगा घालायच्या. रस्ता सपाट असतो तेव्हा स्प्रिंगा घराला खाली दाबून धरतात. चासी पिळली की एका बाजूने चौकट वर उचलू देतात आणि नंतर पुन्हा बसवतात.

या तिन्हींपैकी एकच बरोबर, असे मात्र नाही. तीन बिंदूंच्या बैठकीत सगळा भार तीन जागी एकवटतो आणि ज्या चासीची रचना भार पसरून घेण्यासाठी झाली आहे तिला तो बोचतो. शिवाय फिरत्या सांध्यांमुळे घर दहा-पंधरा सेंटिमीटर वर जाते, गुरुत्वमध्य उंचावतो आणि वळणावर गाडी जास्त झुकते. स्प्रिंगांच्या पद्धतीत भार पसरतो, उंची फारशी वाढत नाही, पण फार पिळणाऱ्या चासीला ती पुरत नाही. म्हणून ट्रक बनवणाऱ्या कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना-पुस्तिका काढतात आणि कोणत्या चासीवर कोणती बैठक, भोक कुठे पाडायचे आणि कुठे मुळीच पाडायचे नाही, हे त्यात लिहिलेले असते. कोणतीही पद्धत घेतली तरी त्यामागचा विचार एकच असतो. दोन वेगळ्या स्वभावांना एकमेकांशी जखडायचे नाही, त्यांच्यात हलायला जागा सोडायची.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आपल्याकडे लाखो ट्रक बॉडी थेट चासीला आवळूनच धावतात, त्यात कुणी फिरते सांधे बसवत नाही, आणि घाटाच्या रस्त्यांवर क्षमतेपेक्षा जास्त माल भरून ते वर्षानुवर्षे चालतात. मग घरालाच हे लाड कशाला? उत्तर त्या बॉडीतच आहे. तमिळनाडूतल्या नामक्कलसारख्या, बॉडीबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावांत तयार होणारी पारंपरिक ट्रकबॉडी लाकडाच्या फळ्या आणि पोलादी पट्ट्यांची असते आणि वरून उघडी असते. झाकण नसलेल्या बुटांच्या खोक्यासारखी ती चासीबरोबर पिळते. फळ्या कुरकुरतात, सांधे थोडे सरकतात आणि त्यात कुणाचे काही बिघडत नाही, कारण आत सिमेंटच्या गोण्या किंवा कांदा असतो. घराला मात्र काचा असतात, नळ असतात, गॅसची नळी असते आणि पावसाचा एक थेंबही आत येऊ द्यायचा नसतो. म्हणजे मालवाहू बॉडी या नियमाला अपवाद नाही. ती नियम पाळते, फक्त दुसऱ्या मार्गाने. तिची मोकळीक सांध्यांत असते, घराची मोकळीक बैठकीत ठेवावी लागते. जास्त भरलेल्या ट्रकांचे म्हणाल, तर त्यांची किंमत पाट्यांच्या, टायरांच्या आणि ब्रेकच्या बिलात चुकती होत असते. मालवाहतुकीत ती भाड्यातून निघते. घरात राहणाऱ्याला भाडे देणारा कुणी नसतो.

बैठक ठरली की दुसरा प्रश्न भिंतींचा. लोखंडी कोनांचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून प्लाय आणि मध्ये थर्मोकोल ही कोणत्याही वर्कशॉपला जमणारी रीत आहे, आणि ती जड आहे. गेल्या काही दशकांत अशा घरांसाठी दुसरी रीत रूढ झाली: दोन बाजूंना फायबरचे पातळ थर, मध्ये फोम, आणि सगळे गोंदाने एकजीव केलेले. सांगाडा नाहीच, भिंत हाच सांगाडा. ही भिंत हलकी असूनही ताठ का असते, हे रुळाच्या आकारावरून समजते. रुळाला वर डोके आणि खाली पाया असतो, मधली पट्टी बारीक असते, कारण वाकताना ताण आणि दाब झेलतात ते वरचे आणि खालचे थर. मधल्या भागाचे मुख्य काम त्यांना एकमेकांपासून दूर धरण्याचे. एक भरीव पत्रा घेऊन त्याचे अर्ध्या जाडीचे दोन थर केले आणि मध्ये हलका फोम भरून एकूण जाडी मूळच्या दुप्पट केली, तर ताठपणा गणिताने सात पट होतो; चौपट केली तर ३७ पट. वजन मात्र जवळपास तेवढेच राहते. त्याच फोममुळे बाहेरचे ऊन आणि थंडीही अडते. म्हणजे बळ वाढवायला साहित्य वाढवावे लागते, ही समजूत इथे खोटी ठरते.

ही काटकसर किती मोलाची आहे ते साध्या बेरजेने पाहू. चार मीटर लांब, २.१ मीटर रुंद आणि तेवढीच उंच खोली धरली तर तिच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस मीटर भरते. पाच सेंटिमीटर फोम आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर फायबर असलेली भिंत चौरस मीटरला साधारण नऊ किलो पडते, म्हणजे नुसते खोके ३८० किलो. १८ मिलिमीटरचा नुसता प्लाय घेतला तरी चौरस मीटरला अकरा-बारा किलो होतात, आणि त्यात ना सांगाडा आला ना उष्णता अडवणारा थर. खोक्यात खालची चौकट २०० किलो, फर्निचर २५०, दार आणि दुहेरी काचेच्या खिडक्या १२०, पाणी १५०, बॅटरी आणि सौर पट्ट्या ८०, दोन माणसे १५०, आणि कपडे, भांडी, अवजारे, शिधा मिळून २०० किलो धरले, तर बेरीज १,५३० किलोवर जाते. एक टनाच्या आत-बाहेर वाहनक्षमता असलेल्या पिकअपवर हे घर बसणार नाही, हे कागदावरच कळले. मग एक तर खोली निम्मी करून छत मुक्कामी वर उचलता येईल असे ठेवायचे, किंवा पाच ते साडेसात टनांचा ट्रक घ्यायचा. बहुतेक फसलेली घरे या बेरजेआधीच सुरू झालेली असतात. प्रत्येक वस्तू एकटी पाहिली तर किरकोळ असते, आणि वजन नेहमी किरकोळ वस्तूंच्या टोळीने येते.

एकूण वजन मर्यादेत असले तरी काम संपत नाही. ते कुठे आहे हेही तेवढेच महत्त्वाचे. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावे लागत नव्हते. मागे जास्त भरली तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे जास्त भरली तर धुरजड होते आणि बैलांच्या माना दबतात. ट्रकला जू नाही, पण तरफेचा नियम तोच आहे. दोन आसांमधले अंतर तीन मीटर आहे आणि मागच्या आसाच्या मागे दीड मीटरवर, म्हणजे मागच्या भिंतीबाहेर, स्टेपनी आणि डिझेलचे कॅन मिळून शंभर किलो टांगले, तर मागच्या आसावर शंभर नव्हे, दीडशे किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे पन्नास किलो कमी होतात. पुढची चाके वळण देतात, ब्रेकचा मोठा वाटाही तीच घेतात. ती हलकी झाली की गाडी उलाळ होते, फक्त ते ताशी ऐंशीच्या वेगाला कळते. दोन रांगांची केबिन असलेल्या पिकअपांच्या चासी केबिनच्या मागे वाकल्याची जी प्रकरणे ऑस्ट्रेलियात वारंवार चर्चेत येतात, त्यांच्या मुळाशी बहुधा हाच मागे लटकलेला भार असतो. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी या सर्वांत जड वस्तू दोन आसांच्या मध्ये, शक्य तितक्या खाली बसवतात. हलके ते वर ठेवायचे, आणि मागच्या भिंतीला जमल्यास काहीच टांगायचे नाही.

यावर अनेकांचे सोपे उत्तर असते: मोठा ट्रक घ्या, म्हणजे हिशेबाची कटकटच नको. हे उत्तर प्रश्न सोडवत नाही, पुढे ढकलते. युरोपात मोटारीच्या सामान्य परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्यापुढे साडेसात टनांपर्यंत वेगळा परवाना लागतो. भारतात हलक्या वाहनांची मर्यादा साडेसात टनांची आहे. मोठ्या गाडीला टायर मोठे लागतात, एकट्याने स्टेपनी बदलता येत नाही, गावातली गल्ली आणि ओढ्यावरचा जुना पूल दोन्ही तिला अडतात. रस्त्याचेही ऐकायला हवे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या प्रसिद्ध रस्ते-चाचणीतून असा ढोबळ नियम निघाला की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. कच्च्या, ओल्या वाटेवर रुतण्याचा धोकाही भाराबरोबर वाढतो. शिवाय मोठी खोली मिळाली की ती भरतेच. जॉन स्टाइनबेक हा अमेरिकी कादंबरीकार १९६० मध्ये देश पाहायला निघाला तो पिकअपवर बसवलेल्या लहानशा खोलीतून. गाडीला त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले, रोसिनान्ते. तो घोडा काही ताकदीसाठी प्रसिद्ध नव्हता. हाडकुळा होता, पण धन्याला घेऊन फिरला. ती गाडी आज कॅलिफोर्नियातल्या सालिनास येथे स्टाइनबेकच्या नावाच्या केंद्रात जपून ठेवली आहे.

घर उभे राहिले की हिशेबाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि त्यात सर्वांत फसवे खाते ओलाव्याचे आहे. झोपलेली दोन माणसे रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. स्वयंपाकाचा गॅस जळला की एका किलोमागे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, कारण इंधनातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो. मोठ्या घरात ही वाफ कुठे जाते ते कुणी विचारत नाही. आठ चौरस मीटरच्या खोलीत ती लपू शकत नाही. आत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव जमते. भिंत फोमची असेल तर ती आतून उबदार राहते, पण तिच्यातून आरपार गेलेला एखादा ॲल्युमिनियमचा कोन किंवा पोलादी बोल्ट पुरेसा होतो. ॲल्युमिनियम फोमच्या हजारो पट वेगाने उष्णता वाहून नेते. थंडी त्या वाटेने आत येते, तिथे पाणी जमते, गादीखाली बुरशी धरते आणि लाकूड कुजते. म्हणून आरपार जाणारा धातू शक्य तिथे टाळणे आणि थंडीतही झरोका थोडा उघडा ठेवणे हे दोन नियम पाळावे लागतात. ऊब वाया घालवून हवा आत घेणे वेडेपणाचे वाटते, पण ओलावा बाहेर जातो तो त्याच वाटेने. कोळशाची शेगडी आत पेटवणे मात्र जीवावरचे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिझेलवर चालणारा हीटर यासाठीच उपयोगी पडतो. तो ज्वलनाची हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो आणि आत फक्त तापलेली हवा येते. लडाखसारख्या प्रदेशात त्यालाही मर्यादा येते. पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याजवळ येतो, ऑक्सिजन अपुरा पडतो आणि इंधनाचा पुरवठा कमी करण्याची सोय नसेल तर हीटरच्या आत काजळी साचते.

पाण्याचे खाते जास्त सरळ आहे: एक लिटर म्हणजे एक किलो. भारतात शहरी पाणीपुरवठ्याचा नियोजन-मानदंड माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. त्या मापाने दोघांना दिवसाला २७० लिटर, म्हणजे दीडशे लिटरची टाकी दुपारपर्यंत कोरडी. ट्रकवरच्या घरात माणशी दहा-पंधरा लिटरांत दिवस निघतो. त्यासाठी फार तप करावे लागत नाही. फक्त पाणी ज्या कामांसाठी वाहून जाते त्यांतली बहुतेक कामे बदलावी लागतात. त्यांतले एक मोठे काम शौचालयाचे. म्हणून अशा घरांत मूत्र आणि मळ वेगळे ठेवणारे कोरडे शौचालय वापरतात. दुर्गंधी मुख्यतः दोन्ही एकत्र झाल्याने सुटते, हे एकदा ध्यानात आले की पाण्याशिवायचे शौचालय गैरसोयीचे वाटत नाही. विजेचेही तसेच. ४०० वॅटच्या सौर पट्ट्या चांगल्या उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास वीज देतात. छोटा कंप्रेसरचा फ्रिज त्यातले साधारण अर्धे युनिट घेतो. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी पंधरा मिनिटांत दुसरे अर्धे युनिट संपवते. रात्रभर एसी चालवायचा म्हटले तर तो एकटाच तीन-चार दिवसांची कमाई खातो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीने वजनाची मोठी सोय केली. तेवढीच वापरण्याजोगी वीज साठवणारी शिशाची बॅटरी चार-पाच पट जड असते. पण शून्य अंशाखाली ही लिथियम बॅटरी चार्ज केली तर तिच्या आत लिथियम धातूचा थर साचून ती कायमची बिघडते. म्हणून ती घराच्या उबेतच ठेवावी लागते. उलट एका लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिटांएवढी उष्णता असते. त्यामुळे ऊब डिझेलमधून घ्यावी आणि दिवे, पंखा, फ्रिज विजेवर ठेवावेत, ही वाटणी आवडीनिवडीची नसून आकड्यांची आहे.

आता मूळचा आक्षेप. एवढा खटाटोप करून जे मिळते ते तंबूत स्वस्त मिळते आणि हॉटेलात आरामात मिळते; शिवाय शंभर किलोमीटरला १५ ते २५ लिटर डिझेल जाळणारे घर कोणत्या तोंडाने काटकसर शिकवते? यातला दुसरा भाग मान्य करायलाच हवा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दहा दिवसांच्या सुट्टीत तीन हजार किलोमीटर धावण्यासाठी असे घर बांधणे पैशाच्या आणि हवेच्या दोन्ही हिशेबांत तोट्याचे आहे. त्यासाठी रेल्वे आणि धर्मशाळा बरी. ट्रकवरच्या घराला अर्थ येतो तो प्रवास महिन्यांचा असतो, अंतर थोडे आणि मुक्काम लांब असतो, आणि जिथे राहायचे तिथे दुसरे छप्पर नसते तेव्हा. तंबू वाऱ्यात आणि उणे तापमानात काही दिवस सोबत करतो, काही महिने नाही. पाणी, वीज आणि ऊब यांच्या मर्यादेत राहायची सवय त्या काळात लागते, हा लाभ खरा आहे, पण तो जळलेल्या डिझेलची भरपाई नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि हिशेब मांडणाऱ्याने जमेबरोबर खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे.

या प्रवासपरंपरेचा भारताशी संबंध जुना आहे. १९५७ मध्ये लंडनहून कोलकात्यापर्यंत ‘इंडियामॅन’ नावाची बस खुश्कीच्या मार्गाने आली. साठ आणि सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे व्हॅन आणि बस येत राहिल्या आणि त्यांतल्या कितीएक गोव्याच्या किनाऱ्यावर विसावल्या. १९७९ मधली इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातली सोव्हिएत घुसखोरी यांनी तो रस्ता तोडला. आज भारतात असे घर स्वतः बांधू पाहणाऱ्याची पहिली गाठ कायद्याशी पडते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने घालते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले. राहत्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे आणि अशा मानकांनुसार वाहने तपासून प्रमाणित करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. हा नियमांचा जाच हौशी कारागिराला खटकतो, आणि एकेकट्या बांधणीसाठी वाट आणखी सोपी व्हायला हवी हेही खरे. पण ब्रेक, उंची आणि आसांवरचा भार कुणीतरी तपासलाच पाहिजे, कारण उलाळ झालेली गाडी घाटात समोरून येणाऱ्यालाही घेऊन जाते.

म्हणून अशा घराची सुरुवात वेल्डिंगच्या ठिणगीने होऊ नये. मोकळी गाडी आधी वजनकाट्यावर न्यावी. पुढची चाके काट्यावर चढवून एक आकडा लिहावा, मग मागची चढवून दुसरा, मग सबंध गाडीचा तिसरा. कंपनीने प्रत्येक आसाला दिलेली मर्यादा त्यांच्यासमोर लिहिली की किती किलोंचे घर बांधता येईल आणि ते कुठे बसेल, हे पहिली फळी कापायच्या आधीच कळते. त्या वहीत पुढे प्रत्येक बिजागरी, प्रत्येक कपाट, प्रत्येक लिटर पाणी चढत जाते. उसाची गाडी कारखान्यात नेणारा शेतकरी काट्याकडे संशयाने पाहतो, कारण तिथे काटा मारला जाण्याची धास्ती असते. ट्रकवरचे घर बांधणाऱ्याने आपल्या वहीकडे तितक्याच संशयाने पाहावे. इथे काटा मारला तर फसवणारा आणि फसणारा एकच असतो.